चित्रासमोरचा ग्लास : समकालीन चित्राशी स्पार्कलिंग वाइनची जोडी कशी जुळवावी

एका मित्राच्या दिवाणखान्यात गडद लाल रंगाचे मोठे अमूर्त चित्र आहे. काही वर्षांपूर्वी त्या चित्रासमोर बसून घेण्यासाठी मी गुलाबी स्पार्कलिंग वाइन नेली होती, कारण लालाशेजारी गुलाबी शोभेल असे मला वाटले होते. दोन घोटांत वाइनचे सगळे सांगून झाले. चित्र मात्र तेव्हा कुठे उलगडू लागले होते. वरच्या लाल थराखाली दबलेला तपकिरी थर डोळ्यांना दिसायला पंधरा मिनिटे लागली आणि तोवर ग्लासात कोमट, गोडसर द्रव तेवढा उरला होता. मी जोडी रंगावरून लावली होती. ती गतीवरून लावायला हवी होती.

पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एका विचारावर उभी आहे. चित्र किती वेळात उलगडते हे आधी पाहावे, ग्लासात ओतल्यावर वाइन किती वेळ बदलत राहते हे नंतर पाहावे, आणि ज्यांचा वेळ जुळतो त्यांची गाठ घालावी. रंग, प्रसिद्धी आणि किंमत या तिन्ही गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

रंगाबद्दल सावध राहण्याला आणखी एक कारण आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधील बोर्दो येथील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन चवहीन लाल रंग मिसळून दिली गेली, तेव्हा तिच्या वासाचे वर्णन करताना त्यांनी लाल वाइनसाठी वापरले जाणारे शब्द वापरले. डोळा नाकाला इतक्या सहज फसवतो. चित्र आणि ग्लास यांचा रंग एकच ठेवला, तर वाइनची खरी चव कळण्याआधीच आपण ती ठरवून मोकळे होतो.

बाटलीवर चित्रकाराचे नाव असणे म्हणजेही जोडी नव्हे. शॅम्पेन बनवणाऱ्या तेतांजे या घराण्याने १९८३ साली व्हिक्टर व्हासारेलीपासून चित्रकारांनी सजवलेल्या बाटल्यांची मालिका सुरू केली, आणि व्हव क्लिकोने २०२० साली आपल्या २०१२ च्या वाइनसाठी जपानी चित्रकार यायोई कुसामाची फुले आणि ठिपके घेतले. वस्तू म्हणून या बाटल्या देखण्या आहेत; पण कुसामाचे ठिपके आणि ग्लासातले बुडबुडे सारखे दिसतात म्हणून ते एकमेकांना शोभतात, हा तर्क आळशी आहे. तिची जाळ्यांची चित्रे, ज्यांत रंगाचे लहान लहान फासे हाताने एकापुढे एक काढत संपूर्ण कॅनव्हास भरलेला असतो, फार संथपणे पाहावी लागतात. त्यांच्यापुढे उसळणारी, भडक फेसाची वाइन घाईची वाटते.

आधी चित्र, तेही कोरड्या तोंडाने

पहिली पायरी वाइनच्या दुकानात सुरू होत नाही. चित्र आपल्या घरात असेल तर उत्तम. नसेल तर मुंबईत जहांगीर कलादालन किंवा राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय अशा ठिकाणी जाऊन मूळ चित्र पाहावे. संग्रहालयात पेय नेता येत नाही आणि ते योग्यच आहे, म्हणून पाहणे तिथे आणि पिणे घरी अशी विभागणी करावी लागते. घरी समोर ठेवायला छापील प्रतिमा चालते. मात्र छपाईत रंगाची जाडी आणि पोत हरवतात, त्यामुळे वाइनची निवड मूळ चित्रापुढे केलेल्या टिपणांवरूनच करावी.

चित्रापुढे किमान दहा मिनिटे उभे राहावे आणि तीन गोष्टी टिपाव्यात. पहिली, नजर कुठे जाते आणि तिथून हलायला किती वेळ घेते. दुसरी, पृष्ठभाग कसा आहे : रंग सपाट बसवला आहे, खरवडला आहे, की थरावर थर चढवून मधूनच खालचा उघडा ठेवला आहे. तिसरी, दहाव्या मिनिटाला असे काही दिसले का, जे पहिल्या मिनिटाला दिसले नव्हते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर चित्र वाईट ठरत नाही. ते वेगवान आहे, एवढेच ठरते.

उदाहरणासाठी प्रभाकर कोलते यांचे चित्र घेऊ. १९४६ साली जन्मलेले कोलते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आणि पुढे तिथलेच शिक्षक. शंकर पळशीकरांची शिकवण आणि पॉल क्ले यांच्या चित्रांचा प्रभाव यांतून त्यांची अमूर्त भाषा घडली. त्यांच्या अनेक कॅनव्हासांवर एकाच रंगाचे मोठे क्षेत्र पसरलेले असते आणि त्याच्या आतून, जणू पडद्याला पडलेल्या फटीतून, लहान लहान आकार व वेगळ्या रंगांचे तुकडे डोकावतात. पहिल्या नजरेला चित्र शांत, जवळजवळ रिकामे वाटते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कळते की वरचा रंग शेवटी आला आहे आणि त्याखाली बरेच काही झाकले गेले आहे. सातव्या-आठव्या मिनिटापासून आपण त्या झाकलेल्या भागाचा अंदाज बांधू लागतो, आणि खरे पाहणे तिथून सुरू होते. अशा चित्रापुढे केलेल्या माझ्या टिपणात तीन शब्द होते : संथ, थरांचे, मागून उजळलेले. वाइन शोधताना मला तेवढे तीन शब्द पुरले.

बाटलीतला वेळ

आता वाइनची गती कशावरून ओळखायची ते पाहू. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण तो समजला की दुकानदारावर विसंबावे लागत नाही.

वाइनमध्ये बुडबुडे आणण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पारंपरिक रीतीत तयार, शांत वाइन बाटलीत भरताना तिच्यात यीस्ट आणि लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घालतात, व बाटली बंद करतात. बंद बाटलीत दुसरे किण्वन होते, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही आणि आतला दाब सुमारे ६ वातावरणांपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सहापट, चढतो. काम संपवून मेलेल्या यीस्टचा साका बाटलीतच राहतो. वाइन या साक्यावर जितके महिने किंवा वर्षे पडून राहते, तितके तिला भाजलेल्या पावाचे, बदामाचे, लोण्याचे गंध येतात आणि तोंडात तिचा फेस मऊ होतो. नंतर बाटली हळूहळू उलटी करत साका तोंडाशी आणतात, तो काढून टाकतात आणि शेवटी थोडी साखर मिसळलेली वाइन घालून बूच बसवतात. दुसऱ्या रीतीत हेच किण्वन मोठ्या बंद टाकीत होते. इटलीची प्रोसेक्को बहुतेक अशीच तयार होते. तिच्यात ताज्या फळांचा आणि फुलांचा वास राहतो, साक्याची खोली येत नाही. ही वेगवान वाइन आहे, आणि वेगवान असणे हा दोष नाही.

साक्यावरचा काळ हे गतीचे सर्वांत विश्वासार्ह माप आहे. स्पेनच्या काव्हासाठी किमान ९ महिने लागतात. वर्ष न लिहिलेल्या शॅम्पेनला तळघरात किमान १५ महिने राहावे लागते, त्यांपैकी १२ साक्यावर. वर्ष लिहिलेल्या शॅम्पेनला किमान ३ वर्षे, आणि इटलीच्या फ्रान्चाकोर्ताला १८ महिने. हे किमान आकडे आहेत. चांगले उत्पादक बरेच अधिक थांबतात आणि अनेकदा साका काढल्याची तारीख मागच्या लेबलवर छापतात. ती तारीख वाचण्याची सवय लावावी.

दुसरे माप साखरेचे. लेबलवर ‘ब्रूट नेचर’ असेल तर साखर लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी आणि वरून साखर घातलेली नाही. ‘एक्स्ट्रा ब्रूट’ म्हणजे ६ ग्रॅमपर्यंत. ‘ब्रूट’ १२ पेक्षा कमी. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवे आहे, कारण त्यात १२ ते १७ ग्रॅम, म्हणजे ब्रूटपेक्षा अधिक साखर असते. ‘डेमी-सेक’ ३२ ते ५० ग्रॅमची असते आणि ती मला चित्रापुढे कधीच रुचलेली नाही : गोडवा जिभेवर बसून राहतो आणि डोळ्यांनाही सुस्ती आणतो.

तिसरे माप द्राक्षांचे. नुसत्या शार्दोनेची वाइन सहसा उभी, ताठ, लिंबू-खडूच्या वळणाची असते. पिनो न्वारसारख्या काळ्या द्राक्षांपासून केलेली पांढरी वाइन अधिक रुंद आणि अंगाने भरीव असते. आपल्याकडची गोष्ट थोडी निराळी आहे. नाशिकच्या स्पार्कलिंग वाइनमध्ये शेनिन ब्लांक या द्राक्षाचा वाटा मोठा असतो. इथे एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळछाटणी होते, द्राक्षे हिवाळ्यात पिकतात, आणि उन्हाने आंबटपणा उतरू नये म्हणून स्पार्कलिंग वाइनसाठीची द्राक्षे हंगामात सर्वांत आधी तोडली जातात. त्यामुळे दिंडोरी-गंगापूर परिसरातली चांगली ब्रूट हिरवे सफरचंद, पेरू आणि लिंबाच्या सालीच्या गंधाची, चटपटीत आणि मध्यम गतीची असते. नारायणगावच्या इंडाज या वाइन कंपनीने १९८० च्या दशकात पारंपरिक रीतीने केलेली स्पार्कलिंग वाइन युरोपात पाठवायला सुरुवात केली होती. म्हणजे ही रीत महाराष्ट्रात चार दशकांची आहे. अकलूजच्या बाजूलाही आता शार्दोनेची स्पार्कलिंग वाइन होते.

गाठ घालताना

कोलत्यांच्या चित्रासाठीचे तीन शब्द आता पुन्हा पाहू. ‘संथ’ आणि ‘थरांचे’ हे शब्द सरळ साक्यावरच्या काळाकडे बोट दाखवतात, ‘मागून उजळलेले’ हा शब्द शार्दोनेच्या आंबटपणाकडे. म्हणून माझी निवड ठरली : नुसत्या शार्दोनेची, साक्यावर चार-पाच वर्षे काढलेली, एक्स्ट्रा ब्रूट शॅम्पेन. पहिल्या पाच मिनिटांत ती केवळ थंड आणि धारदार लागते, चित्रही तेव्हा रिकामेच वाटत असते. ग्लास किंचित उबदार होऊ लागला की भाजक्या पावाचा वास वर येतो, साधारण त्याच सुमारास चित्रातला झाकलेला थर दिसू लागतो, आणि दोघांचे उलगडणे बराच वेळ बरोबरीने चालते. खिशाला शॅम्पेन परवडत नसेल तर दोन-तीन वर्षे साक्यावर राहिलेली काव्हा किंवा फ्रान्चाकोर्ता घ्यावी. मेळ तितका लांब टिकत नाही, पण दिशा तीच राहते.

सुधीर पटवर्धनांचे चित्र वेगळी मागणी करते. ठाण्यात अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या चित्रकाराने गिरण्या, रेल्वे, पूल, वस्त्या आणि त्यांत वावरणारी कष्टकरी माणसे रंगवली. ‘लोअर परळ’ हे २००१ मधले चित्र बदलत्या गिरणगावाचे आहे. इथे नजर एका जागी थांबत नाही, माणसांच्या अंगाला वजन आहे, आणि चित्र एकदम उलगडण्याऐवजी तुकड्या-तुकड्याने वाचावे लागते. नाजूक, उंची शॅम्पेन इथे मला उपरी वाटते. पारंपरिक रीतीने केलेली नाशिकची ब्रूट किंवा पिनो न्वारची भरीव पांढरी स्पार्कलिंग इथे जुळते, कारण प्रत्येक घोट जवळजवळ सारखा लागतो आणि डोळ्यांना फिरायला मोकळे सोडतो. गिरणगावाच्या चित्रापुढे नाशिकची बाटली ठेवण्यात भूगोलाचा भावुकपणा आहे असे कोणी म्हणेल; थोडासा असेलही.

धारदार कडांची, सपाट रंगांची भौमितिक चित्रे सर्वांत सोपी. चव आणि आकार यांच्या संबंधांवर ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी बरेच काम केले आहे, आणि त्यात पुन्हा पुन्हा असे दिसले की लोक आंबटपणा व फसफसणे यांची सांगड टोकेरी आकारांशी घालतात, तर गोडव्याची गोल आकारांशी. तेव्हा तिथे ब्रूट नेचर, तीही तरुण, निःशंकपणे घ्यावी. रंगीत, मोकळ्या, पोस्टरसारख्या चित्रांना टाकीतली वाइन पुरते.

खोलीची मांडणी

चित्रावर थेट ऊन पडू देऊ नये. ते रंगाला जितके घातक, तितकेच वाइनलाही. पारदर्शक काचेतल्या स्पार्कलिंग वाइनला उजेडात ठेवले तर काही काळात तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो, म्हणून बाटली अंधारातच ठेवावी. चित्रासाठी उबदार पांढऱ्या प्रकाशाचा, रंग खरे दाखवणारा दिवा वरून साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात लावावा, म्हणजे पृष्ठभागावर चकाकी येत नाही आणि रंगाची जाडी उठून दिसते.

बसण्याची जागा चित्राच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर असावी आणि बाटली आपल्या मागे, चित्रापासून निदान दोन मीटर दूर. बाटलीचे तोंड चित्राकडे किंवा कोणाच्याही चेहऱ्याकडे कधीच नको. तार सैल करताना अंगठा बुचावरच ठेवावा, बाटली ४५ अंशांत तिरकी धरावी, आणि बूच घट्ट पकडून बाटली फिरवावी. आवाज हलक्या उसाशाएवढाच यावा. धडाका करून फेस उडवायची हौस असेल तर ती क्रिकेटच्या मैदानावर भागवावी.

वासाची काळजी आपल्या घरांत विशेष घ्यावी लागते. देवघरातली उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा, फोडणीचा वास आणि अत्तर यांच्यापुढे शार्दोनेचा नाजूक गंध क्षणभरही टिकत नाही. खायला खारे काजू, फुटाणे किंवा मसाला नसलेला तांदळाचा पापड पुरेसा आहे. चटणी, लोणचे, कांदा नंतर.

तापमान हा सर्वांत दुर्लक्षित भाग. तरुण वाइन ८ ते १० अंश सेल्सिअसला आणि जुनी १० ते १२ ला ओतावी. फ्रिजमध्ये तीन-चार तास, किंवा अर्धे पाणी व अर्धा बर्फ घातलेल्या बादलीत अर्धा तास एवढे पुरते. फ्रीझरमध्ये बाटली विसरली तर फुटू शकते. मुंबईच्या मे महिन्यात ग्लास फार लवकर तापतो, म्हणून एका वेळी ८०-१०० मिलीलिटरच ओतावी.

ग्लास अरुंद फ्लूटऐवजी मधे फुगीर आणि वर निमुळता, ट्यूलिपच्या आकाराचा घ्यावा, कारण गंधाला जागा हवी. ग्लास साबणाचा अंश न ठेवता गरम पाण्याने धुऊन सुती फडक्याने पुसावा. सुताचे सूक्ष्म तंतू काचेला चिकटतात आणि बुडबुडे नेमके तिथूनच सुटतात. फ्रान्समधील रँस येथील भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी हे दाखवून दिले आहे. न पिता ठेवलेल्या एका ग्लासातून सुमारे दहा लाख बुडबुडे बाहेर पडतात असा त्यांचा हिशेब आहे. ग्लास तिरका धरून ओतले तर वायू अधिक टिकतो, हेही त्यांच्याच गटाने मोजले आहे.

पंचेचाळीस मिनिटे

पहिली दहा मिनिटे ग्लास रिकामा असावा. जुनी टिपणे बाजूला ठेवून चित्र पुन्हा पाहावे, कारण घरातल्या उजेडात ते वेगळे असते. मग ओतावे, आणि पहिला घोट डोळे मिटून घ्यावा. वाइनची चव चित्राविना एकदा कळायला हवी. दुसरा घोट तोंडात असताना चित्राकडे पाहावे. मग वीस मिनिटे काहीही न बोलता, दर चार-पाच मिनिटांनी एक लहान घोट. पाहुण्यांना हेच सर्वांत कठीण जाते, म्हणून चारपेक्षा अधिक माणसे बोलावू नयेत. ७५० मिलीलिटरच्या बाटलीत चौघांना पुरेसे होते, आणि त्याहून जास्त घेतले तर डोळाच मंदावतो. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे आणि परवान्याचाही नियम आहे, हे यजमानाने लक्षात ठेवावे.

शेवटच्या पंधरा मिनिटांत बोलावे, आणि प्रश्न एकच असावा : कोण आधी संपले? वाइन आधी संपली असेल तर पुढच्या वेळी साक्यावर अधिक राहिलेली बाटली घ्यावी. चित्र आधी संपले असेल तर वाइन हलकी करावी. दोन्ही एकदम संपली तर त्या बाटलीचे नाव आणि साका काढल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी.

काही चित्रांपुढे मात्र ग्लास ठेवूच नये. अतुल दोडिया यांनी २००० सालच्या सुमारास दुकानांच्या लोखंडी शटरांवर चित्रे काढायला सुरुवात केली. शटर वर सरकवले की मागे दुसरे चित्र दिसते. ‘महालक्ष्मी’ या त्यांच्या चित्रात शटरवर देवी आहे आणि ती वर गेल्यावर मागे गळफास घेतलेल्या तरुण मुली. हातात उत्सवाचे पेय घेऊन त्या मुलींकडे पाहता येत नाही. मी कल्पनेतही ते करून पाहिले आणि ग्लास खाली ठेवला. निवड करताना चित्राचा विषय आधी वाचावा, तो याचसाठी.

उरलेल्या बाटलीत चमचा उभा ठेवल्याने फेस टिकतो हा समज खोटा आहे. स्पार्कलिंग वाइनचे पकड असलेले झाकण लावून ती फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुडबुडे बरेच ओसरलेले असतात आणि खालची मूळ वाइन उघडी पडते. ती घेऊन त्याच चित्रापुढे, त्याच खुर्चीत, एकट्याने पुन्हा दहा मिनिटे बसावे. कोलत्यांच्या चित्रापुढे मी हे केले तेव्हा फेसाशिवायही मेळ टिकला. मित्राच्या लाल चित्रापुढची ती गुलाबी वाइन तर पहिल्याच संध्याकाळी हरली होती.